घरचं पोर, किंमत शून्य

तो आंघोळीचा फोटो तुम्ही एव्हाना दहा ग्रुपांवर पाहिला असेल. २००७ साल, प्लास्टिकचा टब, त्यात तान्हं बाळ आणि त्याला धरून बसलेला, जरा अवघडलेला, लांब केसांचा लिओनेल मेस्सी. बाळाचं नाव लामिन यमाल. १४ जुलै २०२४ रोजी बर्लिनमध्ये त्याने युरो चषक उचलला, सतरावा वाढदिवस साजरा करून एकच दिवस झाला असताना. योगायोग गोड आहे, पण त्यावर आणखी एक लेख पाडण्यात हशील नाही.

अंतिम सामना आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झाला. जागे राहिलेल्यांना आठवत असेल: सत्तेचाळिसाव्या मिनिटाला यमालचा पास आणि निको विल्यम्सचा गोल. त्र्याहत्तराव्या मिनिटाला इंग्लंडच्या कोल पामरने साधलेली बरोबरी. शहाऐंशीव्या मिनिटाला मार्क कुकुरेयाचा क्रॉस, मिकेल ओयार्साबालचा पाय, स्पेन २-१. आणि अगदी शेवटी गोलरेषेवर उभं राहून डोक्याने चेंडू परतवणारा दानी ओल्मो.

ही सहाही पोरं कुठल्या ना कुठल्या मोठ्या क्लबच्या अ‍ॅकॅडमीत वाढलेली. त्यामुळे आठवडाभर अ‍ॅकॅडमीचं कौतुक चाललं होतं. हिरवीगार मैदानं, आहारतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, प्रत्येक पासचं व्हिडिओ विश्लेषण. सगळं खरं आहे. पण या सहांपैकी तेव्हा आपल्या मूळ क्लबात उरले होते किती? तिघे. यमाल, विल्यम्स आणि ओयार्साबाल. पामर, कुकुरेया आणि ओल्मो यांचं नाव झालं ते दुसऱ्यांच्या शर्टात. शिकवण्यात कुणी कमी पडलं म्हणून ते गेले नाहीत. त्यांचं अडलं ते जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, पहिल्या संघाच्या दारात. ते दार कोण उघडतं आणि कशापायी, याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. माझा संशय असा की तिथे गुणापेक्षा पैशाची, किंवा पैशाच्या टंचाईची, जास्त चालते.

सुरुवात बार्सिलोनापासून करावीच लागते. ‘मासिया’ म्हणजे कॅटलान भाषेत शेतावरचं घर. १७०२ साली बांधलेलं हे दगडी घर काम्प नोउ स्टेडियमला खेटून उभं आहे. १९७९ मध्ये तिथे परगावच्या मुलांचं वसतिगृह सुरू झालं. खिडकीतून स्टेडियम दिसायचं. पुढे २०११ मध्ये वसतिगृह गावाबाहेरच्या नव्या इमारतीत गेलं आणि त्या इमारतीला नाव दिलं ओरिओल तोर्त यांचं.

हे तोर्त मला या सगळ्या कहाणीत मेस्सीपेक्षाही जास्त आवडतात. ते कधी मोठे खेळाडू नव्हते, नावाजलेले प्रशिक्षकही नव्हते. पोटापाण्यासाठी औषध कंपनीची प्रतिनिधीगिरी करायचे, आपल्या भाषेत ‘एमआर’. उरलेला सगळा वेळ पोरांचे सामने पाहण्यात जायचा. शनिवार-रविवार म्हणजे मैदानामागून मैदानं, एका दिवसात अनेक सामने. लोक त्यांना ‘प्रोफेसर’ म्हणत. त्यांच्या काळात तेरा वर्षांचा पेप ग्वार्दिओला आला, काडीसारखा. बारा वर्षांचा आंद्रेस इनिएस्ता आला, तोही फुएंतेआल्बिया नावाच्या लांबच्या खेड्यातून. आई-वडील सोडून गेल्यावर तो रडत बसायचा, हे त्याने स्वतःच पुढे अनेकदा सांगितलंय. आज एखाद्या क्लबकडे तेरा वर्षांच्या मुलाच्या हाडांचं वय सांगणारे एक्स-रे असतात, धावण्याचा वेग सेकंदाच्या शतांशापर्यंत मोजलेला असतो. तोर्तांकडे नजर होती, आणि पहिल्यांदा पाहताना जे जाणवलं त्यावर भरवसा. डॉक्टरांच्या दारात ताटकळण्याची सवय असलेल्या माणसाला थांबता येत असणार, असं मला उगाच वाटतं. काडीसारखं पोर घ्यायचं, म्हणजे ते भरेपर्यंत थांबायची तयारी हवी. १९९९ मध्ये ते गेले. वर्षभराने आलेल्या मेस्सीला वाढीसाठी हार्मोनची इंजेक्शनं लागायची. त्याला घ्यायचं की नाही यावर क्लबात बराच खल झाला, आणि अखेर १४ डिसेंबर २००० रोजी कार्लेस रेशाक यांनी चक्क कागदी नॅपकिनवर शब्द लिहून दिला. तो नॅपकिन मे २०२४ मध्ये लिलावात ७ लाख ६२ हजार ४०० पौंडांना गेला.

बुटक्या, हडकुळ्या मुलांना तिथे जागा मिळाली यामागे शिकवण्याची एक पद्धत आहे. शाळेच्या मधल्या सुट्टीत एकाला मध्ये घेऊन आपण भोवतीने चेंडू फिरवत राहायचो, आणि मधला रडकुंडीला यायचा. त्याच खेळाला तिथे ‘रोंदो’ म्हणतात. सात वर्षांच्या पोरांपासून पहिल्या संघापर्यंत सगळे रोज तो खेळतात. चेंडू पायाशी येण्याआधीच मान वळवून कोण कुठे आहे ते पाहून ठेवायचं, एका स्पर्शात पुढे सरकवायचा. यात दांडगाईचा उपयोग शून्य. बाराव्या वर्षापर्यंत सामने सात-सातच्या संघांचे आणि मैदान लहान. त्यामुळे प्रत्येकाच्या पायाला चेंडू पुष्कळ लागतो. थोराड मुलाने लांब लाथ हाणायची आणि बाकीच्यांनी मागून पळायचं, हा आपल्या शालेय स्पर्धांमधला प्रकार तिथे चालत नाही. यमाल या साच्यात २०१४ मध्ये आला, वयाच्या सातव्या वर्षी. गाव मातारो, वस्ती रोकाफोंदा, स्थलांतरित कष्टकऱ्यांची. गोल केल्यावर तो बोटांनी ३०४ करून दाखवतो, ते त्या वस्तीच्या पिनकोडचे शेवटचे तीन आकडे. युरो चालू असताना हॉटेलच्या खोलीत तो शाळेचा अभ्यास करत होता. त्यांची चौथ्या वर्षाची ‘ईएसओ’, म्हणजे साधारण आपली दहावी. पास झाला.

इथवर सगळं पुस्तकात शोभेल असं आहे. आता तीन तारखा पाहा.

२५ नोव्हेंबर २०१२. लेवान्तेविरुद्धच्या सामन्यात दानी आल्वेस जखमी होऊन बाहेर गेला, त्याच्या जागी मार्तिन मोंतोया आला, आणि बार्सिलोनाचे मैदानावरचे अकराच्या अकरा खेळाडू मासियात घडलेले झाले. बार्सिलोनाने तो सामना ४-० जिंकला.

१७ एप्रिल २०१८. सेल्ता विगोविरुद्ध सुरुवातीच्या अकरांत मासियाचा एकही नाही. लीगच्या सामन्यात सोळा वर्षांत पहिल्यांदा असं घडलं.

२९ एप्रिल २०२३. बेतिसविरुद्ध शेवटची काही मिनिटं उरलेली असताना प्रशिक्षक चावीने यमालला मैदानात सोडलं. वय पंधरा वर्षं, नऊ महिने, सोळा दिवस.

अकरा, शून्य आणि पंधरा वर्षांचं पोर. मधल्या काळात रोंदो बदलला नव्हता, इमारत तीच होती, मुलंही येतच होती. बदलला होता क्लबचा खिसा. २०१७ च्या उन्हाळ्यात नेमारला विकून २२ कोटी २० लाख युरो हातात आले. ते डेम्बेले आणि कुतिन्यो यांच्यावर उधळले गेले, पहिल्यावर साडेदहा कोटी, दुसऱ्यावर बारा, शिवाय वरचे बोनस वेगळे. हातात एवढा पैसा असताना सतरा वर्षांच्या पोराला खेळवून त्याच्या चुका पोटात घालायला कुठल्या प्रशिक्षकाला सवड असते? दानी ओल्मोला हा वारा आधीच लागला असावा. सोळाव्या वर्षी त्याने मासिया सोडून थेट झाग्रेब गाठलं, तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढलं. २०२४ च्या युरोमध्ये तो सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या यादीत होता, आणि क्लब तेव्हा लाइपझिग. कुकुरेयाला बार्सिलोनाच्या पहिल्या संघात जेमतेम काही मिनिटं मिळाली. मग एबार, हेताफे, ब्रायटन, चेल्सी असा त्याचा प्रवास झाला.

ऑगस्ट २०२१ मध्ये अध्यक्ष लापोर्ता यांनी कर्जाचा आकडा जाहीर केला, १३५ कोटी युरो. त्याच महिन्यात मेस्सी गेला. आणि त्याच महिन्यात सतरा वर्षांचा गावी पहिल्या संघात आला. पुढे बाल्दे, यमाल, फेर्मिन, जानेवारी २०२४ मध्ये सतराही पूर्ण न झालेला कुबार्सी. वर्तमानपत्रं याला ‘मूल्यांकडे परतणं’ म्हणतात. मी याला घरात किराणा संपल्यावर परसातली भाजी आठवणं म्हणेन. आणि तेही पूर्ण सरळ मनाने नाही. मध्येच २०२२ मध्ये पुढच्या पंचवीस वर्षांच्या टीव्ही हक्कांचा वाटा विकून क्लबने लेवांडोव्स्की आणि मंडळी आणलीच.

मग पैशाची टंचाई ही अ‍ॅकॅडमीतल्या मुलांसाठी चांगलीच म्हणायची का? असा निष्कर्ष काढून मोकळा होणार होतो, तेवढ्यात इंग्लंड आडवं आलं.

इंग्लिश प्रीमियर लीगचा २०२४ मधला नियम असा होता: तीन वर्षांचा मिळून तोटा १० कोटी ५० लाख पौंडांच्या वर जाता कामा नये. गेला तर गुण कापले जायचे. २०२३-२४ च्या मोसमात एव्हर्टनचे दोनदा आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टचे एकदा कापले गेले. अ‍ॅकॅडमीवरचा खर्च या तोट्यात धरत नसत. नियम करणाऱ्यांचा हेतू स्तुत्य, क्लबांनी पोरांवर खर्च करावा. गोम आहे ती जमाखर्चाच्या वहीत. समजा क्लबने ५ कोटी पौंडांना एक खेळाडू घेतला आणि पाच वर्षांचा करार केला. वहीत दरवर्षी फक्त १ कोटी खर्च पडतो. दोन वर्षांनी त्याला ४ कोटींना विकलं तर वहीत त्याची किंमत उरलेली असते ३ कोटी, म्हणजे नफा फक्त १ कोटी. आता आठव्या वर्षापासून क्लबात वाढलेला मुलगा घ्या. तो विकत घेतलेला नाही, म्हणून वहीत त्याची किंमत शून्य. तो ४ कोटींना गेला की सगळेच्या सगळे ४ कोटी त्याच वर्षीचा नफा. तिथले लोक याला ‘शुद्ध नफा’ म्हणतात. शब्द ऐकताना दुधाची जाहिरात वाटते.

आकडा मी उगाच ४ कोटी धरलेला नाही. कोल पामर मँचेस्टरच्या विदेनशॉ भागातला, लहानपणापासून मँचेस्टर सिटीत. १ सप्टेंबर २०२३ रोजी तो चेल्सीला गेला, किंमत ४ कोटी पौंड आणि वर २५ लाखांपर्यंतचे बोनस. त्याच चेल्सीने त्याआधी दोनच महिने, सहाव्या वर्षापासून आपल्याकडे असलेला मेसन माउंट मँचेस्टर युनायटेडला साडेपाच कोटींना दिला होता. म्हणजे आपलं पोर विकायचं आणि शेजाऱ्याचं विकत घ्यायचं. दोघांच्या वह्या खूष. घरी वाढवलेल्या पोराची कागदावर किंमत शून्य, म्हणून विकायला तेच सगळ्यात सोयीचं. खेडेगावात शेतकरी अडचणीत आला की आधी घरच्या गाईचं वासरू बाजारात जातं, त्याची आठवण होते. फरक इतकाच की चेल्सीला कुणी गरीब म्हणणार नाही.

नॉटिंगहॅम फॉरेस्टची गोष्ट याहून करुण आणि याहून विनोदी आहे. ब्रेनन जॉन्सन नॉटिंगहॅममध्येच जन्मला, आठव्या वर्षी क्लबात आला. वडीलही फॉरेस्टकडून खेळलेले. त्याला विकायचं ठरलं. जमाखर्चाचं वर्ष ३० जूनला संपतं. आधीच्या बोली कमी वाटल्या म्हणून फॉरेस्टने कळ काढली आणि १ सप्टेंबर २०२३ रोजी तो टॉटनहॅमला ४ कोटी ७५ लाखांना दिला. चांगला भाव आला, पण दोन महिने उशिरा. ते पैसे पुढच्या वर्षात जमा झाले, मागच्या वर्षाचा तोटा हद्दीबाहेर राहिला आणि मार्च २०२४ मध्ये चार गुण गेले. क्लबने बाजू मांडली की थांबल्यामुळे उलट फायदाच झाला, पण सुनावणी करणाऱ्या आयोगाने ती मानली नाही. थोडक्यात, शिक्षा झाली ती घरचं पोर वेळेत विकलं नाही म्हणून.

धडा सगळ्यांनी घेतला. २०२४ च्या ३० जूनच्या आधीचा आठवडा आठवा. आपण टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या नशेत होतो तेव्हा तिकडे घाऊक उलाढाल चालली होती. चेल्सीचा मात्सेन अ‍ॅस्टन व्हिलाला, व्हिलाचा केलीमन चेल्सीला. एव्हर्टनचा डॉबिन व्हिलाला, व्हिलाचा इरोगबुनम एव्हर्टनला. न्यूकॅसलने आठव्या वर्षापासून वाढवलेला एलियट अँडरसन फॉरेस्टला दिला आणि फॉरेस्टचा गोलकीपर घेतला. गोलकीपर सोडला तर सगळी अठरा ते बावीस वर्षांची मुलं. यातल्या कुणाची संघाला गरज होती आणि कुणाची वहीला, हे तुम्हीच ठरवा. हीच टंचाई बार्सिलोनात दार उघडते आणि न्यूकॅसलमध्ये त्याच दारातून पोराला बाहेर काढते. मधे फक्त एक हिशेबाचा नियम.

लहान क्लबांचे हाल वेगळे. २०१२ मध्ये इंग्लंडने अ‍ॅकॅडम्यांची नवी व्यवस्था आणली. दर्जानुसार चार वर्ग केले, आणि दुसऱ्याच्या अ‍ॅकॅडमीतलं मूल उचलल्यास द्यायच्या भरपाईचे दर ठरवून टाकले. दर इतके किरकोळ की मोठ्यांची चंगळ झाली. ब्रेंटफर्डची दोन मुलं सोळाव्या वर्षी मँचेस्टरच्या दोन क्लबांनी उचलली. वैतागून ब्रेंटफर्डने २०१६ मध्ये अ‍ॅकॅडमीच बंद केली आणि इतरांनी टाकून दिलेल्या मुलांचा ‘ब’ संघ उभारला. पाच वर्षांत क्लब प्रीमियर लीगमध्ये होता. त्यानंतर, २०२२ मध्ये, त्यांनी अ‍ॅकॅडमी पुन्हा उघडली.

टाकून दिलेल्या मुलांत रत्नं असतात, याचं सगळ्यात ठळक उदाहरण बर्लिनमध्ये इंग्लंडचा कर्णधार म्हणून उभं होतं. हॅरी केनला आर्सेनलने आठ-नऊ वर्षांचा असताना घरी पाठवलं होतं. इंग्लंडमध्ये वयोगटाचं वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं आणि केनचा जन्म २८ जुलैचा. म्हणजे गटात सप्टेंबरचं पोर त्याच्यापेक्षा दहा-अकरा महिन्यांनी मोठं. आठव्या वर्षी हा फरक भलता असतो. निवड करणाऱ्यांना वाटतं आपण गुण पाहतोय, पाहत असतात वाढदिवस. अलीकडे काही अ‍ॅकॅडम्या जन्मतारखेऐवजी शरीराच्या वाढीनुसार गट पाडून सामने खेळवू लागल्यात. तोर्तांना त्याची गरज पडली नसती, असं म्हणायचा मोह होतो, पण तोर्त काही प्रत्येक मैदानावर नसतात. आणि सगळीच टाकलेली मुलं केन होत नाहीत. २०२० मध्ये एका बलाढ्य क्लबच्या अ‍ॅकॅडमीतून बाहेर पडलेल्या अठरा वर्षांच्या मुलाने जीव दिला, तेव्हा कुठे या मुलांच्या ‘नंतर’बद्दलच्या चर्चेला जोर आला. क्रिस्टल पॅलेसने पुढच्या वर्षी, सोडलेल्या मुलांना तीन वर्षं साथ देण्याची योजना जाहीर केली. त्याआधी इतकी वर्षं एकाही क्लबला हे सुचलं नव्हतं का, हा प्रश्न मी इथे सोडून देतो, नाहीतर लेख दुसरीकडेच जाईल.

दार बंदच करता येणार नाही अशीही एक जागा आहे. बिल्बाओचा अ‍ॅथलेटिक क्लब शतकाहून अधिक काळ फक्त बास्क प्रदेशात जन्मलेले किंवा घडलेले खेळाडू घेतो. पूर्ण बास्क मुलूख धरला तरी लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास. त्यामुळे लेसामातली त्यांची अ‍ॅकॅडमी चालली तरच क्लब चालतो. स्पेनच्या पहिल्या श्रेणीतून कधीच न घसरलेले क्लब तीन, रेआल माद्रिद, बार्सिलोना आणि हे. निको विल्यम्स आणि त्याचा थोरला भाऊ इन्याकी यांचे आई-वडील घानाहून सहारा तुडवत आले. पोरं बास्क भूमीत जन्मली, लेसामातून पुढे आली, आणि एप्रिल २०२४ मध्ये चाळीस वर्षांनी क्लबने राजाचा चषक जिंकला तेव्हा नदीतून निघालेल्या जहाजी मिरवणुकीत दोघे होते. शेजारच्या रेआल सोसिएदादने परक्यांना दार उघडलं १९८९ मध्येच, तरी ओयार्साबाल त्यांच्याच सुबिएता अ‍ॅकॅडमीतला. त्यांची एक गोष्ट मला फार पटते. बाराव्या वर्षाच्या आसपासपर्यंत ते मुलांना उचलतच नाहीत. तोवर शाळेत सगळे खेळ खेळा म्हणतात.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार हा सामना ज्याने पाहिलाय, त्याला बिल्बाओ समजावून सांगावं लागत नाही. पेठेचा झेंडा, तालमीची पोरं, गल्लीत आठवडाभर तणाव. आता तिथेही बाहेरचे, अगदी आफ्रिकी खेळाडू उतरतात, तो भाग वेगळा. पण मोठ्या फुटबॉलकडे जाणारा रस्ता पेठेतून निघत नाही. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून आणि पुणे एफसीच्या अ‍ॅकॅडमीतून पुढे गेला. पुणे एफसी आज नाही. त्यांची अ‍ॅकॅडमी ज्या एफसी पुणे सिटीने घेतली, तो क्लब २०१९ मध्ये गुंडाळला गेला. दार कोण उघडणार हा आपल्याकडचा पुढचा प्रश्न, आधी दाराला भिंत हवी. दरम्यान मुंबई-पुण्यात युरोपातल्या क्लबांची नावं लावलेले फुटबॉल वर्ग जोरात आहेत. तिथे फी पालक भरतात. मासियात राहणाऱ्या मुलाचा खर्च क्लब करतो, कारण पैज क्लबने लावलेली असते. नाव सारखं असलं तरी हे दोन वेगळे धंदे आहेत, एवढं टी-शर्टचं माप देण्याआधी ध्यानात घेतलेलं बरं.

आणि त्या युरोनंतरची एक खबर. बार्सिलोनाची वर्तमानपत्रं जुलै २०२४ मध्ये एकाच हिशेबात गुंतली होती: निको विल्यम्सला बिल्बाओतून सोडवून आणायला लागणारे ५ कोटी ८० लाख युरो कुठून उभे करायचे. यमाल उजवीकडून, निको डावीकडून, बर्लिनसारखंच. चित्र सुंदर होतं, मलाही पाहायला आवडलं असतं. फक्त त्याच डाव्या बाजूला खेळणारं, मासियाच्या कुठल्यातरी खोलीतलं, सोळा-सतरा वर्षांचं एक पोर तेव्हा याच बातम्या वाचत असणार. त्याच्यासाठी तरी वाटत होतं, पैसे जमू नयेत.